कापड हललं की भरतकाम फसलं

भरतकामाचं मशीन घरात येऊन नऊ दिवस झाले होते आणि मी वहिनीला शब्द देऊन बसले होते की बाळाची कुंची मीच भरणार. आत्या मी, नाव मीच ठेवायचं, तर ते कुंचीवरही माझ्याच हातचं असावं, इतका साधा हिशेब. खणाचं कापड, त्यावर ‘शौर्य’, अक्षरांची उंची 9 मिलिमीटर. बटण दाबलं आणि चहा ठेवायला गेले. परत येऊन बघते तर ‘शौ’वरच्या दोन मात्रांचा एक गोळा झालेला, रफार शिरोरेषेत बुडालेला, आणि नावाभोवती खणाला चुण्याच चुण्या. उलटं करून पाहिलं तर खाली धाग्याचं घरटं. बारशाला बाळाने कुंची घातली ती आईने ट्रंकेत जपून ठेवलेली, माझीच, जुनी.

तो तुकडा अजून माझ्या मशीनच्या ड्रॉवरमध्ये आहे. घरगुती एम्ब्रॉयडरी मशीनवर होऊ शकणाऱ्या जवळजवळ सगळ्या चुका त्या चार बोटांत सापडतात. नवीन मुली विचारतात, ‘कोणतं मशीन घेऊ?’ मी म्हणते, ते नंतर बघू. दुकानात डेमो बघताना मशीनखाली कोणतं कापड आहे, ते आधी बघा. बहुतेक ठिकाणी जाड फेल्ट नाहीतर कडक कॅनव्हास असतो. त्यावर कुठलंही मशीन सुंदरच भरतं, कारण ते कापड हलत नाही. आपल्याला भरायचं असतं खणावर, मलमलच्या झबल्यावर, टॉवेलवर, होजिअरीच्या टीशर्टवर, आणि ही सगळी हलणारी कापडं. मशीन आपल्या ठरलेल्या जागीच सुई मारतं. दोन टाक्यांच्या मध्ये कापड अर्धा मिलिमीटर सरकलं तर त्याला काय कळणार?

खालचं घरटं मात्र वेगळ्या कारणाने होतं, ते आधी सांगून टाकते. खालच्या बाजूला लूप दिसले की सगळे बॉबिनला, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या रिळीला, दोष देतात, मीही दोन बॉबिन केस बदलून झाल्या होत्या. गोंधळ असतो वरच्या दोऱ्यात. प्रेसर फूट, म्हणजे कापड दाबणारा पाय, खाली असताना दोरा ओवला तर टेन्शनच्या, म्हणजे दोऱ्याला ताण देणाऱ्या, चकत्या मिटलेल्या असतात, दोरा त्यांच्यात बसतच नाही, वरवर राहतो. मग त्याला ताणच नसतो, आणि सगळा दोरा खाली जाऊन साठतो. फूट वर करा, दोरा पूर्ण काढून परत ओवा, मग फूट खाली करून दोरा हाताने ओढून पाहा. आता तो अडकत अडकत यायला हवा. दहातल्या नऊ वेळा तेवढ्यावर भागतं. टेन्शनच्या आकड्याला त्याआधी हात लावू नका. बरोबर ताणाची खूण म्हणजे, सॅटिन टाक्याची (शेजारी शेजारी दाट घातलेल्या सरळ टाक्यांची) पट्टी उलटी करून पाहिली तर मधल्या एक तृतीयांश भागात बॉबिनचा पांढरा दोरा आणि दोन्ही कडांना वरचा रंग दिसतो. मी नवीन रीळ लावलं की एक जाड काना भरून हे बघते, बाकी काही नाही.

आता हूप, म्हणजे कापड पकडून ठेवणारी दुहेरी रिंग. ‘ढोलकीसारखं ताणा’ असं सगळे सांगतात, आणि माझ्या खणाचं वाटोळं त्याच सल्ल्याने झालं. ढोलकीसारखा ताठ हवा तो मागचा पेपर, म्हणजे स्टॅबिलायझर. कापड फक्त सपाट हवं. मी स्क्रू आवळून झाल्यावर कापडाच्या कडा धरून चारी बाजूंनी ओढत होते. ओढलेल्या कापडावर टाके बसतात, हूप काढला की कापड आपल्या मूळ मापाला परत जातं, टाके मात्र तेवढेच राहतात, आणि चुण्या पडतात. इस्त्रीने त्या जात नाहीत. त्यामुळे स्क्रू आधीच जवळजवळ हवा तेवढा आवळून ठेवायचा, कापड आणि पेपर एकावर एक ठेवून आतली रिंग दाबून बसवायची, आणि नंतर कापड ओढायचं नाही. आडवे-उभे धागे रिंगच्या कडेशी सरळ आहेत ना, एवढं बघायचं. रेशमी कापड निसटतं, म्हणून मी आतल्या रिंगला सुती नाडी गुंडाळून टाचून टाकली आहे. मखमल हूपमध्ये घालूच नये, वळ उठतात. पेपर एकटा हूपमध्ये लावायचा, त्यावर चिकटवायचा स्प्रे हलकासा मारायचा आणि मखमल वर ठेवून कडेने लांब टाक्यांची चौकट घालून घ्यायची.

पेपरचं गणित सोपं आहे, पण दुकानात गेलं की सगळं पांढरं सारखंच दिसतं. ताणल्या जाणाऱ्या कापडाला कटअवे, म्हणजे भरून झाल्यावर कात्रीने कापायचा आणि बाकीचा मागे कायमचा राहू द्यायचा. विणकाम घट्ट असलेल्या सुती कापडाला टेअरअवे, फाडून काढायचा. खणाला मी आता आधी मागून पातळ फ्यूजिंग इस्त्रीने चिकटवते, मग टेअरअवे. टॉवेलला वरूनही पाण्यात विरघळणारी फिल्म हवी, नाहीतर टाके लूपमध्ये बुडतात आणि नाव दोन धुण्यांत नाहीसं होतं. ही फिल्म आमच्याकडे साताऱ्यात पावसाळ्यात नुसती बाहेर ठेवली तरी लिबलिबीत होते. झिपच्या पिशवीत हवा काढून ठेवा.

आणि आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते, मराठी अक्षरं. मशीनमध्ये तयार येणारी अक्षरं बहुतेक इंग्रजी असतात, आणि मराठी नाव डिजिटाइझ करून, म्हणजे मशीनला कळेल अशी टाक्यांची फाइल करून घेतली की इंग्रजीचे नियम जसेच्या तसे लावलेले असतात. सॅटिन टाका कापडाला आपल्या दिशेने ओढतो. उभा काना असेल तर टाके आडवे पडतात, म्हणून काना बारीक होतो आणि वरखाली लांबतो. शिरोरेषेचे टाके उभे, म्हणून ती पातळ होते आणि दोन्ही टोकांना बाहेर पळते. पडद्यावर सगळं जोडलेलं असतं, कापडावर मात्र कान्याची डोकी शिरोरेषेच्या वर डोकावतात, जणू अक्षरांना शिंगं फुटली आहेत. उपाय असा, की काने शिरोरेषेच्या अर्ध्या जाडीतच थांबवायचे, वेलांट्या, मात्रा, रफार आधी भरून घ्यायचे आणि शिरोरेषा सगळ्यात शेवटी, एकसलग. ती सगळ्यांची टोकं झाकून टाकते. दोन्ही बाजूंनी तिला थोडी आखूड ठेवायची. जाडीत 0.2 ते 0.4 मिलिमीटर भर घालायची, सॉफ्टवेअरमध्ये त्याला पुल कॉम्पेन्सेशन म्हणतात. कापड जितकं मऊ, तितकी भर जास्त.

नेहमीचा 40 नंबरचा दोरा साधारण 0.4 मिलिमीटर अंतराने टाके घालतो. त्यामुळे एक मिलिमीटरपेक्षा बारीक सॅटिन नीट बसत नाही, तिथे साधा धावदोरा तिहेरी घालावा. अनुस्वाराचा टिंब दोन मिलिमीटरपेक्षा लहान केला की सुई त्याच त्या जागी टोचून भोक पाडते. ‘व’, ‘ब’, ‘क’ यांची पोटं बुजू नयेत म्हणून अक्षर मी 12 मिलिमीटरच्या खाली नेत नाही. नेणं भागच असेल तर 60 नंबरचा बारीक दोरा आणि 65/9 ची सुई. माझी ‘शौर्य’ची कहाणी इथे संपते. 9 मिलिमीटरमध्ये दोन मात्रा आणि रफार मावणारच नव्हते, हूप कितीही नीट लावला असता तरी.

डिजिटाइझिंग शिकायला इंकस्केपमध्ये चालणारं इंकस्टिच फुकट आहे. सुरुवातीला डोकं दुखतं, पण शिरोरेषा शेवटी घ्यायची हे आपल्याला ठरवता येतं. चित्र टाकून एका क्लिकमध्ये डिझाइन करून देणाऱ्या सोयींच्या नादी लागू नका. भराईखाली आधाराचे टाके असतात, त्याला अंडरले म्हणतात. ते कापडाला पेपरशी बांधून ठेवतात आणि अशा सोयी तिथेच कंजूषपणा करतात. विकत घेतलेलं डिझाइन मशीनवरच मोठं-लहान करायचा मोह होतो. दहा टक्क्यांपर्यंत ठीक, त्यापुढे टाके विरळ होतात किंवा दगडासारखे दाट. फाइल आपल्या मशीनची घ्या, ब्रदरला पीईएस, जानोमेला जेईएफ. डीएसटी बऱ्याच मशीनांना चालते, पण तिच्यात रंगांची माहिती नसते. पडद्यावर मोर गुलाबी दिसला तर घाबरू नका, टाके बरोबरच असतात.

सुई 75/11, होजिअरीला बॉलपॉइंट. आठ-एक तास भरून झालं की फेकायची, ती तुटायची वाट बघायची नाही. बोथट सुईचा आवाज ओळखू येतो, ‘टिक टिक’चं ‘ठक ठक’ होतं. जरीसारखा चमकीचा दोरा असेल तर सुई 90/14, वेग मिनिटाला 400 टाके आणि टेन्शन सैल. हातकामाची खरी जर मात्र सुईतून जाणार नाही, पुण्याहून रविवार पेठेतून आणलेली दोन रिळं माझ्याकडे तशीच पडून आहेत.

ऑर्डर घेताना टाके मोजून पैसे सांगा. दहा हजार टाक्यांचं डिझाइन मिनिटाला 600 च्या वेगाने सतरा मिनिटांत होतं हे कागदावर. घरगुती मशीनला सुई एकच, प्रत्येक रंगाला थांबून दोरा बदलायचा, मध्ये वीज गेली तर आणखी वेगळं. त्याच कापडाच्या चिंधीवर एकदा भरून बघण्याचा वेळही किमतीत धरा. गिऱ्हाईकाने ब्लाउजपीस दिला की मी बाहीच्या कडेचं चार बोटं जास्तीचं मागून घेते, चाचणीला.

‘ज्ञ’ मला अजून जमत नाही. खालची गाठ आणि वरचा बाक जवळ आले की दोन्ही मिळून एक ठिपका होतो. मागच्या महिन्यात रुमालाच्या कोपऱ्यात ‘प्रज्ञा’ हवं होतं. पाच चिंध्या झाल्या, शेवटी तिच्या आईला फोन करून विचारलं, घरी हाक कशी मारता? ‘पिंकी’ म्हणाली. ते भरून दिलं.