उतारावर गाडी घसरते ती इथे: नागपूरकरांनो, या चुका टाळा

नागपूर सपाट आहे असं आपण सगळेच धरून चालतो. सीताबर्डीची टेकडी, सेमिनरी हिल्स आणि रामटेकचा गड सोडला तर चढ-उतार आहेत कुठे? म्हणूनच इथे गाडी शिकणाऱ्याला चढावर थांबून पुन्हा गाडी उचलायचा सराव फारसा होत नाही. मग पहिल्या पावसात तो सेमिनरी हिल्सवरून फुटाळ्याकडे उतरतो, किंवा अपार्टमेंटच्या तळघरातून गाडी वर काढतो, आणि हातपाय गार पडतात.

खरं तर आपल्या रोजच्या वापरातले सगळ्यात तीव्र उतार टेकड्यांवर नाहीतच. ते आपल्या फाटकाशी आहेत. सिमेंटचे रस्ते झाले तसे अनेक लेआउटमध्ये रस्ता वर आणि घर खाली अशी स्थिती झाली. फाटकापासून रस्त्यापर्यंत जो छोटा रॅम्प बांधला जातो, तो कित्येक ठिकाणी कुठल्याही घाटापेक्षा खडा असतो. तळघरातल्या पार्किंगचा रॅम्पही तसाच. लांबी थोडी, म्हणून कोणी तो गंभीरपणे घेत नाही.

थोडं गणित बघा. कोरड्या सिमेंटवर चांगल्या टायरची पकड (गाडीच्या वजनाच्या तुलनेत टायर रस्त्याला जेवढा जोर लावू शकतो तो) साधारण ०.७ धरतात, ओल्यावर ती ०.५ च्या आसपास येते, बर्फावर ०.१ वर. आठ फुटांत एक फूट उतरणारा रॅम्प असेल तर त्यातली ०.१२५ पकड गाडी नुसती धरून ठेवण्यातच खर्च होते. उरलेल्या पकडीत ब्रेक लागणार. म्हणजे ओल्या सपाट रस्त्यावर गाडी जेवढ्या अंतरात थांबते, त्याच्यापेक्षा सुमारे एक तृतीयांश जास्त अंतर या उतारावर लागतं. आणि त्यावर शेवाळ असेल तर हे आकडेही विसरा.

चूक पहिली: खाली उतरणाऱ्याने आधी घुसणं

ही सगळ्यात मोठी चूक, आणि सगळ्यात जास्त भांडणंही हिच्यावरून. रॅम्पवर एक जण वर येतोय, वरून दुसरा तोंड घालतो, दोघं मध्ये अडकतात. मग "भाऊ, जरा मागे घेता का?" आणि उत्तर, "तुम्हीच घ्या ना, मी अर्धा आलो!" मागे वॉचमन शिट्टी वाजवत उभा.

चढणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. अरुंद आणि तीव्र उताराच्या रस्त्यावर वर येणाऱ्या वाहनाला प्राधान्य, असं केंद्र सरकारच्या २०१७ च्या वाहनचालन नियमावलीतही आहे. पण नियम नसता तरी हेच करावं लागलं असतं. चढणारी गाडी एकदा थांबली की तिला पुन्हा उचलायला क्लच, ब्रेक, पकड सगळं एका वेळी जुळावं लागतं. त्यात ती मागे सरकू शकते. उतरणाऱ्याला मात्र वर सपाटीवर दोन मिनिटं थांबायला काहीच लागत नाही. इथे सौजन्य आणि सुरक्षितता या दोन वेगळ्या गोष्टी नाहीतच.

उतरणाऱ्याने थांबायचं ते रॅम्पच्या तोंडावर नव्हे, एक गाडी बाहेर निघेल एवढी जागा सोडून. दिवसाही हेडलाइट लावा, एकच छोटा हॉर्न द्या, काच खाली करून कानोसा घ्या. तळघरात आवाज घुमतो, त्यामुळे कोणती गाडी चढतेय आणि कोणती नुसती सुरू आहे हे कळायला क्षणभर लागतो. आरसा लावून घेणं सगळ्यात स्वस्त उपाय, पण सोसायटीच्या मीटिंगमध्ये तो विषय रंगाच्या कोटेशनखाली गाडला जातो.

पुढच्या गाडीला चिकटून उभं राहणं

उड्डाणपुलाच्या चढावर सिग्नलची रांग लागली की लोक पुढच्याच्या बंपरला नाक लावतात. पुढची गाडी एखादा फूट मागे येणार, हे गृहीत धरा. पुढच्याचे मागचे टायर रस्त्यावर टेकलेले दिसतील एवढं अंतर ठेवा, आणि पुढे शिकाऊचा लाल एल दिसला तर त्याहून जास्त. हॉर्न मारून तर मुळीच उपयोग नाही. घाबरलेला माणूस क्लच झटक्यात सोडतो आणि गाडी बंद पाडतो.

पुढची गाडी तुमचीच असेल तर हाफ क्लचवर तोलून धरू नका. जळका वास येतो तो क्लच प्लेटचाच. हँडब्रेक ओढा, पहिला गिअर टाका, थोडा ॲक्सिलरेटर देत क्लच हळू सोडा. गाडीचं नाक किंचित वर उठलं, इंजिनाचा आवाज जड झाला, की मग हँडब्रेक सोडा. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत चढावर धरून ठेवणारी यंत्रणा असते, पण ती ब्रेकवरून पाय काढल्यावर दोन-तीन सेकंदच धरते. तेवढ्यात मोबाइल बघायचा नाही.

स्कूटरवर मागे कोणी बसलं असेल आणि रॅम्प ओला असेल तर त्यांना आधी उतरवा. वहिनी, आजोबा, कोणीही. अपमान वाटून घेण्यासारखं त्यात काही नाही.

न्यूट्रलमध्ये सोडणं

"पेट्रोल वाचतं" ही समजूत अजून जिवंत आहे. आजच्या इंजेक्शनच्या इंजिनात, गाडी गिअरमध्ये असून ॲक्सिलरेटर सुटला की इंधनाचा पुरवठा बंद होतो. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन सुरू ठेवायला थोडं इंधन लागतंच. म्हणजे वाचत काही नाही आणि इंजिनाचा आधार जातो. किल्ली बंद करून उतरणं तर भयंकरच. कारमध्ये पॉवर स्टिअरिंग जड होतं आणि दोन-तीनदा पाय मारल्यावर ब्रेकही दगडासारखा होतो.

ज्या गिअरमध्ये तो चढ चढावा लागला असता त्याच गिअरमध्ये उतरा. लांब उतारावर दुसरा, रॅम्पवर पहिला. बिनगिअरच्या स्कूटरला मात्र ही सोय अर्धीच. तिचा क्लच वेगावर चालतो, वेग फार कमी झाला की तो सुटतो आणि स्कूटर मोकळी घरंगळते. म्हणून तिथे दोन्ही ब्रेक हलके, वरपासूनच. मध्यावर पोहोचून दाबायचं ठरवलं तर उशीर झालेला असतो. १२५ सीसीपर्यंतच्या बहुतेक नव्या दुचाक्यांत एप्रिल २०१९ पासून जोड-ब्रेक सक्तीचा आहे. एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना थोडा थोडा लागतो. जुनी गाडी असेल तर हा आधार नाही, तिचा पुढचा ब्रेक वळणात झटक्याने दाबू नका. कारमध्ये एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर घट्ट दाबून धरा. पाय थरथरतो, खडखड आवाज येतो, तो यंत्रणा चालू असल्याचा; घाबरून पाय काढू नका आणि पंपासारखं मारतही बसू नका.

पहिल्या सरीला रस्ता धुतला गेला असं समजणं

जून उजाडेपर्यंत रस्त्यावर उन्हाळ्याची धूळ, गळलेलं ऑइल, टायरचं काजळ साचलेलं असतं. पहिली रिमझिम ते धूत नाही, कालवते. जोराचा पाऊस अर्धा तास पडला की रस्ता पुन्हा बराच बरा होतो. सगळ्यात वाईट वेळ म्हणजे पावसाच्या सुरुवातीची.

त्यात आपली झाडं. निंबाच्या निंबोळ्या आणि जांभळं नेमकी याच दिवसांत गळतात, चाकाखाली चिरडतात आणि सावलीच्या उतारावर त्यांचा लगदा दिवसभर ओला राहतो. सेमिनरी हिल्सच्या झाडीखालच्या रस्त्यांवर हे बघून ठेवा. उताराच्या पायथ्याशी, नेमकं वळणावर, पाण्याने वाहून आलेली रेती, चुरी, मुरूम पसरलेला असतो. घराचं बांधकाम सुरू असेल आणि रेतीचा ढीग रस्त्यावर टाकला असेल तर त्याभोवती विटांची कड लावणं हे घरमालकाचं काम आहे. आपल्या ढिगावरची रेती वाहून कोणाच्या चाकाखाली येतेय, ते त्यानेच पाहावं.

सिमेंट रोडचं एक वेगळं. नव्या रस्त्यावर ब्रशने ओढलेल्या बारीक रेघा असतात, त्या पकडीसाठी. वर्दळीच्या रस्त्यावर त्या घासून गुळगुळीत होतात. रंगवलेले पांढरे पट्टे आणि गटाराची लोखंडी झाकणं ओली झाली की दुचाकीला फसवतात. आणि कड! स्लॅब वर, बाजूचे गट्टू किंवा माती खाली. कडेला समांतर राहून चाक वर चढवायला गेलात की हँडल हातातून जातं. वेग कमी करा, थोडं बाहेर घ्या आणि जमेल तेवढं काटकोनात चढा.

टायरची हवा कमी करणं

"पावसात हवा थोडी कमी ठेवा, पकड वाढते." हा सल्ला टपरीवर हमखास मिळतो. वाळूत एखाद्या वेळी चालेल, ओल्या डांबरावर आणि सिमेंटवर नाही. हवा कमी असली की टायरच्या चरांमधून पाणी नीट बाहेर फेकलं जात नाही. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर जो आकडा आहे तोच ठेवा. कारच्या टायरचे चर किमान १.६ मिलिमीटर खोल असले पाहिजेत. चरांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात, टायर त्यांच्या बरोबरीला आला की बदलायची वेळ झाली. नागपूरच्या उन्हाळ्यात जुनं रबर कडक होऊन जातं, तेव्हा चर शिल्लक असले तरी बाजूच्या भेगा तपासा.

उतारावर लावलेली गाडी

हँडब्रेकवर एकट्यावर भरवसा ठेवू नका. नाक उताराकडे असेल तर रिव्हर्स गिअर, चढाकडे असेल तर पहिला. पुढची चाकंही वळवा. डाव्या कडेला लावलेली गाडी उताराकडे तोंड करून असेल तर चाकं डावीकडे. चढाकडे तोंड असेल आणि कडेला ओटा असेल तर उजवीकडे, म्हणजे मागे सरकली तरी चाक ओट्याला टेकेल. ओटा नसेल तर दोन्ही वेळा डावीकडे. चाकाखाली वीट लावायला हरकत नाही, पण निघताना ती उचला. रात्री रस्त्यात पडलेली वीट स्कूटरवाल्याच्या वाट्याला येते.

रॅम्पच चुकीचा असेल तर

घराच्या रॅम्पला चकचकीत टाइल किंवा ग्रॅनाइट लावणारे अनेक आहेत. दिवाळीला छान दिसतं, जुलैत काच होते. आडवे चरे पाडलेलं सिमेंट किंवा खडबडीत चेकर्ड टाइल पुरते. असलेल्या रॅम्पवर शेवाळ आलं असेल तर ब्लीचिंग पावडर टाकून कडक ब्रशने घासा, आणि पाणी मारून पूर्ण धुवा. ऑइल सांडलं तर आधी लाकडाचा भुसा किंवा कोरडी रेती टाकून ते शोषून घ्या, मग ती झाडून काढा. गाडी धुतलेलं साबणाचं पाणी रॅम्पवर सोडायचं नाही.

चढताना चाक जागेवर फिरलं तर जोर वाढवू नका. ॲक्सिलरेटर सोडा, मागे कोणी नाही हे बघून सरळ खाली या आणि पुन्हा संथ एका दमात चढा. तरी नाही जमलं तर फिरणाऱ्या चाकासमोर पोतं टाका. त्या वेळी मागे कोणी उभं नको, पोतं उडून येतं.

एक गोष्ट जिवावर बेतणारी. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, तेव्हा गाड्या बुडाल्या. तळघराच्या रॅम्पवरून पाणी आत वाहत असेल तर गाडी काढायला खाली उतरू नका. गाडी विम्यातून निघेल.

आणि डिसेंबरात मनालीला निघालेल्यांसाठी

नागपूरचा पारा २९ डिसेंबर २०१८ ला ३.५ अंशांवर गेला होता, तेव्हाही रस्त्यावर बर्फ जमला नाही. त्यामुळे बर्फावर चालवायचा अनुभव आपल्याकडे शून्य, आणि अटल बोगदा २०२० मध्ये खुला झाल्यापासून बोगद्यापलीकडच्या सिस्सू गावापर्यंत स्वतः गाडी न्यायची हौस मात्र भरपूर. वरचं ०.१ आठवा. दहा फुटांत एक फूट उतरणाऱ्या रस्त्यावर ही पकड गाडी धरून ठेवण्यातच संपते. ब्रेकसाठी काहीच उरत नाही.

पांढरा बर्फ निदान दिसतो. पारदर्शक थर डांबरावर ओल्या डागासारखा वाटतो, डोंगराच्या सावलीतल्या वळणांवर आणि पुलांवर तो आधी जमतो, पहाटे आणि सूर्य कलल्यावर जास्त. चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी (फोर-व्हील ड्राइव्ह) गाडी निघायला मदत करते, थांबायला नाही. साखळ्या ज्या चाकांना इंजिनाचा जोर मिळतो त्यांना लावायच्या. निघताना दुसरा गिअर. पुढचा कोणी चढत असेल तर तो पूर्ण वर पोहोचेपर्यंत खाली सपाटीवर थांबायचं, कारण मध्ये थांबला तर तो पुन्हा निघणार नाही आणि घसरत तुमच्यावर येईल. तिथले ड्रायव्हर हे न सांगता पाळतात. आपल्या पाटीची गाडी मध्ये घुसली की वैतागतात, आणि त्यांचं बरोबर असतं.

रात्री हॉटेलबाहेर हँडब्रेक ओढून ठेवला तर तो गोठून सकाळी सुटत नाही. सपाट जागा बघा, गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला दगड लावा. काचेवरचा बर्फ काढायला गरम पाणी ओतू नका, काच तडकते.