फोनलाईनच्या मोडेमला नवा वायफाय राउटर जोडताना

परभणीला मामांकडं अजून फोनच्या तारेवरचं डीएसएल नेट आहे, तिथं परवा नवा राउटर जोडला तर दिवे सगळे हिरवे अन् नेट काही केल्या येईना, अर्धा दिवस ह्यातच गेला. म्हणून सांगायलोय, मोडेमच्या लॅन पोर्टातली (घरातल्या उपकरणांसाठीच्या) केबल राउटरच्या वॅन पोर्टातच (बाहेरून नेट आत घ्यायच्या) घाला, तो बहुतेक वेगळ्या रंगाचा असतो.

पण खरी गोम आयपीत, म्हणजे नेटवर्कवरच्या आकडी पत्त्यात असते बघा. मोडेम आणि राउटर दोघांचा पत्ता १९२.१६८.१.१ असला की घोळ होतो, आमचं तेच झालं होतं. आधी राउटर एकटाच लॅपटॉपला जोडून त्याचा लॅन पत्ता १९२.१६८.२.१ करून घ्या. मोडेम स्वतःच लॉगिन करत असेल तर राउटरमधे डायनॅमिक आयपी (पत्ता आपोआप घ्यायची सेटिंग) ठेवायचं, आणि मोडेम ब्रिज मोडवर, म्हणजे स्वतः लॉगिन न करता नेट नुसतं पुढं देत असेल तरच पीपीपीओई (युजरनेम-पासवर्डनं लॉगिन करायची पद्धत) निवडून युजरनेम पासवर्ड राउटरमधे टाकायचा, दोन्हीकडं टाकू नका.

मग दोन्ही बंद करून पहिले मोडेम चालू करा, डीएसएलचा दिवा लुकलुकायचा थांबला की मगच राउटर. लाईट जाऊन आल्यावर नेट अडकलं तरी हेच करायचं. वायफायचा अन् अॅडमिनचा (राउटरच्या सेटिंगमधे शिरायचा) पासवर्ड मात्र त्याच दिवशी बदला, उद्यावर ढकलू नका.