मार्चमध्ये मिनियापोलिसच्या गोठलेल्या तळ्यांभोवती सायकल कशी काढायची

तर पाडवा जवळ आलेला असतो, तिकडे घरचे पन्ह्याचे फोटो पाठवायला लागतात आणि इकडे तळी अजून टणक. तरी पारा 2-3 डिग्रीवर गेला की बेसमेंटमधली सायकल बोलवायला लागतेच. पहिली राईड एकट्याने काढू नका, मित्र घ्या, कारण घसरलात तर उचलायला आणि कंटाळलात तर शिव्या घालायला कुणीतरी लागतंच.

रूट सोपा आहे. लेक ऑफ द आयल्स, मग बडे मका स्का, मग हॅरिएट आणि परत, साधारण 9-10 मैल. (डकोटा भाषेत बडे म्हणजे तळं, आणि शहरातलं सगळ्यात बडं तळंही हेच, त्यामुळे नाव आपल्या लक्षात राहतं.) मिडटाऊन ग्रीनवे या सायकल ट्रॅकवरून येणार असाल तर तो जुन्या रेल्वेच्या खोलगट चरातून जातो, वारा लागत नाही पण दक्षिणेकडच्या भिंतीच्या सावलीत बर्फ उशिरापर्यंत टिकतो, तिथे ब्रेक दाबायचा नाही, हँडल वळवायचं नाही, नुसतं सरळ जाऊ द्यायचं.

सकाळी लवकर निघायची हौस नको. दिवसा वितळलेलं पाणी रात्री ट्रॅकवर परत गोठतं आणि ते ओल्या डांबरासारखंच दिसतं. 11 नंतर निघा.

कपड्यांचं गणित मात्र नीट समजून घ्या, सगळी मजा किंवा सगळी वाट तिथेच लागते. दारातून बाहेर पडताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे, नाही वाजली तर जास्त घातलंय. 0 डिग्रीला ताशी 20 किलोमीटरने चाललात की अंगाला उणे 5 सारखं लागतं हे खरं, पण 15 मिनिटांत आतून घाम फुटतो आणि थांबलात की तोच घाम गारठवतो. म्हणून आत कॉटन नको, पातळ लोकरीचं किंवा थर्मल आणि वर विंडचीटर, बस. आमचा पक्या पहिल्या वेळी आईने नाशिकहून पाठवलेली जाड माकडटोपी घालून आला, वर हेल्मेट बसेचना, नुसतं टोपलीसारखं डोक्यावर डुलत होतं. कान झाकणारी पातळ टोपी घ्या. पायांसाठी जुगाड म्हणजे मोज्यांवर ब्रेडची रिकामी पिशवी आणि मग बूट. दिसायला भिकार, पण बोटं शाबूत राहतात.

वारा बघून निघा. जाताना तोंडावर घ्या, येताना पाठीवर. उलटं केलंत तर घामाने भिजल्यावर समोरून वारा खाल.

हवा घरात भरू नका, 20 डिग्रीत 60 पीएसआय भरलेलं टायर बाहेर 0 ला 55 वर येतं. मडगार्ड हवंच, नाहीतर पाठीवर चिखलाची रांगोळी. फोन आतल्या खिशात, थंडीत बॅटरी झोपते.

हॅरिएटला थर्मास उघडायचा, आल्याचा चहा. शांत बसलात तर बर्फाचा आवाज येतो, खोलवरून घुम्म करतो, कुणी रिकाम्या पिंपावर थाप मारल्यासारखा. काठाशी बोटभर पाणी सुटलेलं असतं आणि पुढे सगळं करडं. पक्याला त्यावर उभं राहून सेल्फी हवा होता, मी कॉलर धरून ओढला. जानेवारीत लोक इथे चालतात हे खरं, पण मार्चचा बर्फ जाड दिसला तरी आतून उभ्या सुयांसारखा सुटा झालेला असतो, कधी खचेल नेम नाही. फोटो काठावरूनच काढा.

घरी आल्यावर आधी सायकल, मग आंघोळ. बर्फासाठी हिवाळाभर रस्त्यांवर टाकलेलं मीठ आणि वाळू चेनमध्ये जाते. कोमट पाण्याच्या फडक्याने पुसा, कोरडी करा, तेलाचा थेंब थेंब सोडा. पक्याने हे उद्यावर टाकलं, पुढच्या शनिवारी त्याची चेन कुंकवासारखी लाल झालेली.