पावसाळ्यात फर्मवेअर अपडेट करताना
पावसाळ्यात आमच्या रत्नागिरीकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही, आणि राउटरचं फर्मवेअर (त्याच्या आतच साठवलेलं, त्याला चालवणारं सॉफ्टवेअर) अर्धवट लिहिलं गेलं तर तो कायमचा बंद पडू शकतो.

१. अपडेटची फाइल आधीच उतरवून ठेवा. मॉडेलबरोबर हार्डवेअर व्हर्जनही (त्याच मॉडेलची कितवी आवृत्ती, जसं V1, V2) जुळवा. ते राउटरच्या खालच्या स्टिकरवर असतं. इथेच जास्त चुका होतात.
२. राउटर इन्व्हर्टरवर घ्या, लॅपटॉप पूर्ण चार्ज करा.
३. वायफाय नको, लॅन केबल लावा.

लॅपटॉपच्या वायफाय कार्डाची गोष्ट वेगळी. लिनक्सवर बऱ्याच कार्डांचं फर्मवेअर कार्डात कायमचं लिहिलं जात नाही, ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्राम) ते दर वेळी डिस्कवरून चढवतो. तिथे वीज गेली तरी घाबरू नका, लॅपटॉप पुन्हा सुरू करा.

राउटरचं अपडेट अडकल्यासारखं वाटलं तरी लगेच प्लग काढू नका. निदान अर्धा तास थांबा.