उन्हाचा चटका आणि सावलीची लांबी

उन्हात अंग तापतं ते मुख्यतः अवरक्त किरणांनी आणि उजेडाने. त्वचा काळवंडते, भाजते ती अतिनील (युव्ही) किरणांनी, आणि ते अंगाला जाणवतच नाहीत. म्हणूनच समुद्रकाठी गार वाऱ्यात माणूस बेसावध भाजून निघतो. उंचावर तर दर हजार मीटरला हे किरण साधारण 10 टक्क्यांनी वाढतात.

तेव्हा चटक्यावर जाऊ नका, सावली बघा. सपाट जागी ताठ उभं राहा. सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल, तर सूर्य 45 अंशांच्या वर आहे आणि युव्हीबी (अतिनीलातला भाजणारा प्रकार, तरंगलांबी 280 ते 315 नॅनोमीटर) जोरात आहेत. घड्याळातले बारा धरून चालणार नाही. मे महिन्यात मुंबईत सूर्य सर्वांत वर येतो तो 12:35 च्या सुमारास, नागपुरात 12:10 ला. म्हणजे मुंबईत अकराला जितकं कडक, तितकंच दोन वाजून दहा मिनिटांनी. युव्हीसी या आणखी आखूड तरंगांच्या अतिनील किरणांची चिंता सोडा, ते वरच ओझोन आणि ऑक्सिजन शोषून घेतात.

ड जीवनसत्त्वासाठी सकाळी सातचं कोवळं ऊन घ्यायची पद्धत आहे. बसायला छान, पण हे जीवनसत्त्व त्वचेत तयार करणारे युव्हीबी त्यात जवळजवळ नसतातच. सावली नुकतीच उंचीपेक्षा आखूड झाली की हातपाय उघडे टाकून थोडा वेळ बसा आणि त्वचा चुरचुरायच्या आधी उठा. पुण्यात मेमध्ये ही वेळ साडेनवाच्या आसपास येते, डिसेंबरात थेट भर दुपारी. सावळ्या त्वचेला जास्त वेळ लागतो, कारण मेलॅनिन हे किरण अडवतं.

खिडकीआड बसून मात्र काही मिळत नाही. साधी काच युव्हीबी अडवते, युव्हीए (लांब तरंगांचे अतिनील, 315 ते 400 नॅनोमीटर) बरेचसे आत सोडते. जीवनसत्त्व नाही आणि काळवंडणं आहेच, पडदेही विटतात. गाडीची पुढची काच दोन थरांची, मध्ये प्लॅस्टिकचा पापुद्रा असलेली, म्हणून ती युव्हीए बऱ्यापैकी थोपवते. बाजूच्या काचा तशा नसतात. चालवणाऱ्याचा उजवा हात रापतो तो त्यामुळे.

सनस्क्रीन फसतं ते बहुधा मात्रेत. एसपीएफचा, म्हणजे बाटलीवरच्या संरक्षणाचा, आकडा दर चौरस सेंटिमीटरला 2 मिलिग्रॅम थर धरून काढतात. आपण लावतो त्याच्या निम्मंही नाही. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर मुळापासून टोकापर्यंत रेघ ओढा, तेवढं चेहरा आणि मानेला. बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा, घाम पुसल्यावर लगेच. एसपीएफ मुख्यतः युव्हीबीचं सांगतो, युव्हीएसाठी बाटलीवर ‘पीए’ या अक्षरांपुढची अधिकची (+) चिन्हं मोजा. वांग असेल तर दृश्य प्रकाशानेही डाग गडद होतात, तिथे आयर्न ऑक्साइड असलेलं टिंटेड सनस्क्रीन हवं.

गॉगलवर ‘युव्ही 400’ (400 नॅनोमीटरपर्यंतचे अतिनील अडवणारा) बघूनच घ्या. नुसत्या काळ्या काचेआड डोळ्याची बाहुली मोठी होते आणि अतिनील किरण उलट जास्त आत शिरतात.

राहिली उष्णता. पश्चिमेच्या खिडकीला आतून पडदा लावला तर आलेलं ऊन पडद्यालाच तापवतं आणि ती ऊब खोलीतच राहते. चीक किंवा बांबूचा पडदा काचेच्या बाहेरून, वीतभर अंतर सोडून टांगा.