थंडीत लॉन पिवळं पडलंय? आधी पाईप खाली ठेवा

थंडी पडली की लॉनवाल्यांचा ठरलेला प्रश्न असतो, गवत पिवळं पडतंय काय करू. आणि त्याला जोडूनच, अहो रोज पाणी देतोय तरी! त्या 'रोज'मध्येच तर गोची आहे. मी पण हाच उद्योग करून बसलोय. पहिल्याच हिवाळ्यात लॉन पिवळं दिसायला लागलं तसं सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं, वरून युरिया फेकला, आणि थोड्याच दिवसात पिवळ्या लॉनवर तपकिरी गोल चट्टे, खाली चिकचिक चिखल. गवत बिचारं झोपलं होतं आणि मी त्याला उठवून जेवायला वाढत होतो.

तर आधी आपलं गवत कुठल्या जातीचं आहे ते बघा, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. हरळी, म्हणजेच बर्म्युडा, किंवा कोरियन ग्रास, सेंट ऑगस्टीन ही उन्हाळी गवतं. त्यांना २७ ते ३५ डिग्री मानवतं, आणि मातीचं तापमान साधारण १०-१३ च्या खाली गेलं की ती पानातला हिरवेपणा सोडून देतात आणि जीव मुळाशी धरून बसतात. याला सुप्तावस्था म्हणतात, रोग नाही. दुसरी थंडीची गवतं, म्हणजे राय, फेस्क्यू, ब्लूग्रास वगैरे, त्यांना १५ ते २४ डिग्री आवडतं, ती थंडीतही बऱ्यापैकी हिरवी राहतात फक्त वाढ मंदावते. त्यामुळे कुणाचं तरी हिरवंगार लॉन बघून आपल्या हरळीला नावं ठेवू नका, जातच वेगळी असते.

झोपलंय का मेलंय हे कळायला एक सोपा उपाय आहे. पिवळ्या भागातलं चिमूटभर गवत धरून हलकेच ओढा. हातात अलगद उपटून आलं, मुळं काळी नाहीतर कुजकी, तर तो भाग गेला. धरून राहिलं तर जरा वाकून, लागलं तर गुडघे टेकून, पाती बाजूला करा आणि पातं जिथे मुळाला जोडलेलं असतं तो मातीलगतचा भाग बघा. तो पांढरट आणि नखाला टणक लागला तर गवत जिवंत आहे. वरचं सगळं वाळलेल्या चाऱ्यासारखं दिसतं आणि हा एवढासा भाग मात्र ताजा असतो, पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला खरंच हायसं वाटलं होतं.

आता पाणी. थंडीत बाष्पीभवन कमी, गवत पितं कमी, मग उन्हाळ्याचं टायमर तसंच चालू ठेवायचं कारणच नाही. स्प्रिंकलर ऑटोवर असेल तर तो आधी बंद करा. मातीत स्क्रू-ड्रायव्हर खुपसून बघायचा, सहज आत गेला तर पाणी नको, अडला तर द्या. थंडीचं गवत वाढत असेल तर याच हिशोबाने चालायचं. झोपलेल्या उन्हाळी गवताला पाऊस बर्फ काहीच नसेल तर तीन-चार आठवड्यातून एकदा नीट मुरेल असं पाणी पुरतं, तेही मुळं पार सुकू नयेत म्हणून, हिरवं करायला नाही. आणि द्यायचं ते सकाळी ऊन वर आल्यावर. संध्याकाळी दिलं की पाती रात्रभर ओली राहतात आणि बुरशीला तेच हवं असतं. जमीन गोठलेली असेल तर पाणी देऊच नका, मुरणार कुठे.

पहाटे गवतावर दव गोठून पांढरं झालं असेल तर त्यावर पाय ठेवायचा नाही, म्हणजे नाहीच. पात्यातलं पाणी गोठून पातं काचेसारखं झालेलं असतं, वजन पडलं की आतल्या पेशी फुटतात. लगेच काही दिसत नाही. एक-दोन दिवसांनी मात्र फाटकापासून नळापर्यंत तपकिरी पावलं उमटतात, एकेक स्पष्ट, बुटाचा नंबर सांगता येईल इतकी! आमच्याकडे कोण सकाळी लॉनवरून शॉर्टकट मारतं ते मला असंच कळलं. ऊन पडून दव वितळेपर्यंत थांबा. एरवीही ओल्या लॉनवर फार चालू नका, माती दबते, हवा जात नाही. खुर्च्या, मुलांचा तंबू असलं काही महिनाभर एकाच जागी ठेवाल तर खाली चौकोन तयार.

कापणीचं सूत्र तेच, एका वेळी पात्याच्या एक-तृतीयांशाहून जास्त कापायचं नाही. म्हणजे ६ सेंटीमीटर झालं असेल तर ४ वर आणा, २ वर नको. वाढ थांबली की मोवर बंद, उगाच सवय म्हणून फिरवायचा नाही. थंडीआधी काहीजण टकलू करून टाकतात की आता बघायला नको, तसं करू नका, तेवढी पातीच खालच्या जोडाला पांघरूण असतात. पण पार लांबही सोडू नका, लांब गवत आडवं पडतं आणि खाली ओल कोंडते.

पानगळ. यात आळस केला की संपलं, कारण कोरडी पानं असतात तोवर उडतात तरी, एकदा भिजली की गोधडीसारखी चिकटून बसतात आणि खाली ऊन नाही वारा नाही. पंख्यासारखं पसरट दाताळं घ्या, हलक्या हाताने ओढा. पानं थोडी असतील आणि कोरडी असतील तर मोवरखाली बारीक करून तिथेच सोडली तरी चालतात.

बुरशी ओळखायची तर सकाळी लवकर बघा, दवात पांढरे कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले की ती सुरुवात. बर्फ पडत असेल तिथे तो वितळल्यावर गुलाबी किंवा राखाडी गोल डाग दिसतात. लगेच औषधाची बाटली काढायची गरज नसते. पाणी तोडा, पानं काढा, चिकटलेली पाती दाताळ्याने मोकळी करा. दव जास्त पडत असेल, पण गोठलेलं नसेल, तर सकाळी लांब काठी किंवा पाईप लॉनवरून अलगद ओढायचा, थेंब खाली पडतात आणि पाती लवकर सुकतात. दोन मिनिटांचं काम आहे पण फरक पडतो. एवढं करूनही डाग पसरतच राहिले तर मग बुरशीनाशक.

खताबद्दल मी जरा कडकच आहे. झोपलेल्या गवताला नायट्रोजन नको. जबरदस्तीने कोवळी पाती येतात आणि पहिल्या कडाक्यात करपतात, नाहीतर ते खत आपल्याऐवजी तण खातं. थंडीच्या गवताला शेवटचा डोस जमीन गोठायच्या आधी, ते हिरवं असतानाच द्यायचा.

हिरवं दिसलंच पाहिजे असा हट्ट असेल तर हरळीवर रायचं बी टाकतात, आठ-दहा दिवसात उगवतं आणि हिवाळाभर मस्त दिसतं. पण मग त्याला पाणी, कापणी सगळं आलं, आणि थंडी सरताना ते हरळीच्या वाट्याचं ऊन-पाणी खातं. मी एकदा केलं, परत नाही केलं. तण मात्र या दिवसात हातानेच उपटा, ओल्या मातीत मुळासकट येतं आणि पिवळ्या लॉनवर हिरवं तण लपतही नाही.

मोकळा वेळ आहे तर मोवर काढा. पेट्रोलचा असेल तर टाकी रिकामी करून ठेवा, जुनं पेट्रोल कार्बोरेटर चोंदवतं. स्पार्क प्लगची वायर काढूनच ब्लेडला हात लावा आणि धार लावून घ्या. बोथट ब्लेड पातं कापत नाही, फाडतं, मग टोकं पांढरी पडतात. थंडी सरल्यावर लॉन निम्म्याहून जास्त हिरवं झालं की मग पहिलं कटिंग, आणि खत त्यानंतर.