आप्तांकडून परतल्यावर स्वयंपाक आणि छंद पुन्हा कसे सुरू करावेत

आप्तांच्या घरी काही दिवस राहून परतले की आपलेच घर थोडे परके वाटू लागते. तिथे जेवण वेळेवर समोर येत होते आणि गप्पांमध्ये दिवस सरत होते. इथे मात्र रिकामा ओटा असतो आणि जाण्यापूर्वी अर्धवट टाकलेले विणकाम किंवा चित्र जिथल्या तिथे पडलेले असते. सगळे एकाच दिवसात पूर्ववत करण्याचा आग्रह धरला, तर प्रवासाच्या शिणात आणखी भर पडते आणि छंद हमखास लांबणीवर पडतो. म्हणून आधी घरातल्या वस्तूंची अवस्था पाहावी, मग एखादा साधा स्वयंपाक करावा आणि छंदाकडे सुरुवातीला फक्त हात बसवण्यापुरतेच वळावे, असे मला वाटते.

घरात शिरताच खिडक्या उघडाव्यात. गॅसचा वास येत असेल, तर विजेचे कोणतेही बटण चालू किंवा बंद करू नये. शक्य असल्यास गॅसचा मुख्य कॉक बंद करून बाहेर पडावे आणि मदत बाहेरूनच बोलवावी. वास नसेल, तर नळांत साचून राहिलेले पाणी काही मिनिटे वाहू द्यावे आणि त्यानंतरच पिण्यासाठी किंवा स्वयंपाकासाठी पाणी भरावे.

सामानाची बॅग उघडण्याआधी फ्रिज उघडावा. फ्रिजमधले तापमान ४ अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी आणि फ्रीझरमधले उणे १८ अंश असायला हवे. आपण नसताना वीज किती वेळ गेली होती, हे परतल्यावर कळत नाही आणि वितळून पुन्हा गोठलेले अन्न वरून चांगलेच दिसते. यावर एक सोपा उपाय आहे. जाण्यापूर्वी पेलाभर पाणी फ्रीझरमध्ये गोठवावे आणि बर्फावर एक नाणे ठेवून द्यावे. परतल्यावर नाणे वरच असेल, तर फ्रीझर थंड राहिला असे समजावे. ते तळाशी गेले असेल, तर मधल्या काळात बर्फ पूर्ण वितळला होता, म्हणून आतले मांस, मासे आणि शिजवलेले पदार्थ टाकून द्यावेत. फ्रिजमधले शिजवलेले अन्न साधारण तीन-चार दिवसांच्या पलीकडे ठेवू नये. ‘वास तर बरा आहे’ या आधारावर ते खाणे धोक्याचे आहे, कारण आजार पसरवणाऱ्या अनेक जीवाणूंमुळे अन्नाच्या वासात किंवा चवीत काहीच फरक पडत नाही.

कोरड्या जिन्नसांकडे सावकाश पाहिले तरी चालते. बटाट्याला लहानसा कोंब आला असेल, तर तो खोलवर कापून बटाटा वापरता येतो. पण बटाटा बराच हिरवा पडला असेल किंवा सुरकुतून मऊ झाला असेल, तर फेकून द्यावा, कारण त्यातले सोलॅनिन हे विषारी द्रव्य उकळूनही नाहीसे होत नाही. लसणाला फुटलेले कोंब मात्र निरुपद्रवी असतात. पिठात जाळी किंवा किडे दिसले, तर ते पीठ टाकून डबा धुऊन पूर्ण कोरडा करावा आणि शेजारचे डबेही तपासावेत. यीस्ट अजून जिवंत आहे का, हे कोमट पाण्यात साखरेसह ते दहा मिनिटे ठेवून पाहावे. फेस आला नाही, तर त्यावर पीठ वाया घालवू नये.

पहिला स्वयंपाक एकाच भांड्यात होणारा, पाठ असलेला आणि चवीची खात्री असलेला असावा. नव्या पदार्थाची हौस दोन-तीन दिवस थांबू शकते. या पहिल्या जेवणाचा खरा उपयोग असा की, सुरीची धार गेली आहे का, मीठ संपले आहे का, कोणता मसाला बेचव झाला आहे, हे सगळे आपसूक लक्षात येते आणि खरेदीची यादी अंदाजाने न होता गरजेतून तयार होते.

आता माझ्या सर्वांत जिव्हाळ्याचा भाग. आप्तांकडे खाल्लेला एखादा पदार्थ आपल्या घरी करून पाहावा, ही इच्छा परतल्यावर सर्वांनाच होते, आणि तो तसा होत नाही म्हणून हिरमुसणारेही पुष्कळ असतात. बहुतेक वेळा पाककृती चुकलेली नसते, मोजमाप बदललेले असते. मावशी किंवा आजी ‘दोन मुठी’ म्हणतात, तेव्हा ती मूठ त्यांची असते. तिथे असतानाच त्यांना मूठभर जिन्नस वाटीत टाकायला सांगून तो वजनकाट्यावर मोजून घ्यावा आणि त्यांच्या भांड्याची रुंदीही लिहून ठेवावी. हे राहून गेले असेल, तर आठवते ते सगळे परतल्याच्या रात्रीच लिहून काढावे, कारण क्रम आणि वेळ यांचे तपशील फार लवकर पुसट होतात.

आठ जणांचा पदार्थ दोघांसाठी करताना घन जिन्नस चौथाई केले तरी पाणी नेमके चौथाई करून चालत नाही. किती पाणी आटते, हे भांड्याच्या रुंदीवर, आचेवर आणि शिजण्याच्या वेळेवर ठरते. माणसे चारपट कमी झाली म्हणून वेळही चारपट कमी होत नाही. त्यामुळे भांडे लहान घ्यावे, पाणी हिशेबापेक्षा थोडे अधिक ठेवावे आणि मीठ शेवटी, पदार्थ हवा तितका आटल्यावर, चव घेऊन पुरे करावे. शंका आली, तर फोन करून ‘किती घालू?’ असे न विचारता ‘या टप्प्यावर ते कसे दिसते, वास कसा येतो?’ असे विचारावे. वर्षानुवर्षे अंदाजाने स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीला प्रमाण सांगता येत नाही. रंग, वास आणि कडेने तेल कधी सुटते, हे मात्र ती अचूक सांगते.

छंदाकडे वळताना पहिली बैठक पंधरा-वीस मिनिटांची पुरते. विणकाम बरेच दिवस सुयांवरच राहिले असेल, तर सुईवरचे टाके ताणले जातात आणि पुढे विणत गेल्यास त्या ठिकाणी आडवी रेघ दिसू शकते. म्हणून ती एक ओळ उसवून पुन्हा विणावी. त्याआधी उरलेल्या लोकरीचा छोटा तुकडा विणून पाहावा, कारण खंडानंतर हाताचा ताण घट्ट किंवा सैल झालेला असू शकतो आणि तो मूळ विणीशी जुळेपर्यंत खऱ्या कामाला हात लावू नये. शिवणयंत्रात बॉबिनच्या, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या रिळाच्या, भोवती साचलेली धूळ ब्रशने काढून चिंधीवर टाके तपासावेत. जलरंग वाळले असले तरी पाण्याने पुन्हा जिवंत होतात, ॲक्रिलिक मात्र एकदा वाळले की गेले. तंतुवाद्य सुरात लावताना तार आधी थोडी उतरवून खालून वर चढवत आणावी, म्हणजे ती सुरात टिकते. नंतर माहीत असलेली रचना निम्म्या गतीने वाजवावी. बोटांच्या टोकांची कातडी मऊ पडलेली असते, तेव्हा दुखू लागताच थांबणेच योग्य.

या दिवसांत आप्तांची आठवण येते आणि घर फार शांत वाटते, हे स्वाभाविकच आहे. फोनवर बोलण्याची आणि छंदाची वेळ एकत्र आणता आली, तर दोन्ही टिकतात: फोन स्पीकरवर ठेवून साधे विणकाम किंवा लोकरीचा गुंडा करण्यासारखे काम बोलता बोलता होते. मोजणीची नक्षी, सुरीचे काम आणि तापलेले तेल यांच्यासाठी मात्र फोन बाजूला ठेवावा.